दर्याआईचं अर्धं बोलणं

माडबावात त्या आठवड्यात कर्णा बोलत होता.

दर्याआईच्या घुमटीसमोरच्या माडावर लाउडस्पीकरचा तो कर्णा बांधलेला, तोंड समुद्राकडे. दिवेलागणीला माणसं जमली की दर्याबुवा माइकचं बटण बंद करून सगळ्यांना दाखवत, माइक लाल फडक्यात गुंडाळून देवीच्या पायाशी ठेवत आणि दोन पावलं मागे सरत. कोपऱ्यातलं मशीन तेवढं गुणगुणत राही. आणि मग, कोणी बोलत नसताना, कर्ण्यातून एक बाई बोलायला लागे.

"माइकाक तोंड नाय, तोंडाक माणूस नाय, मगे शब्द खंयसून इलो?" बुवा गर्दीकडे बघून विचारत. "सांगा बगू, सायन्सवाल्यांनी!"

माडबावात सायन्सवाले असे कितीसे? एक हायस्कूलचे सर, ते बदली होऊन बांद्याला गेलेले. आणि एक नम्रता. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली. ती तर समोरच, पहिल्या रांगेत, चार वर्षांच्या चारुताला मांडीवर घेऊन बसलेली.

बुवांचं मूळ नाव सत्यवान. चार वर्षांपूर्वीपर्यंत मंडप, खुर्च्या आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. मंडपाच्या कनाती कुजल्या, खुर्च्या मोडल्या, कर्णा तेवढा शाबूत राहिला. त्या कर्ण्याने धन्याचं नशीब काढलं.

बुवांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा दर्याआई म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!" गर्दी गर्जली.

"आज ही लेकरा तुज्या पायाकडे इलेली आसत…"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या घरात आजार आसा, कोणाची होडी रिकामी येता, कोणाचो पोरगो परमुलखात अडाकलो आसा. ती पीडा दूर कर आणि तोंडान कौल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कर्णा खरखरला. "होय, होय. फाइव्ह नाइन. फाइव्ह नाइन. आवाज छान येतोय."

"आयकलास?" बुवांचे डोळे चमकले. "पाच आणि नऊ! पाच नारळ आणि नऊ केळी. आई मागता ता तोंड फोडून मागता."

"पण बुवानू, आई इंग्रजीत कित्याक मागता?" मागून कोणीतरी विचारलं.

"दर्यार साऱ्या जगाच्यो बोटी येतत. तिका सगळ्यो भाषा येतत. तुका तुजी एक तरी धड येता काय रे?"

खसखस पिकली. नम्रताही हसली, पण तिचा हात चारुताच्या पाठीवर होता. हल्ली तो सारखा तिथेच असे. श्वास चालू आहे ना, अंग ताठरत नाही ना. पोर नुसती जांभई द्यायला लागली तरी नम्रता तिचे डोळे निरखून बघे.

चारुताला फिट्स येत. कुडाळच्या डॉक्टरांनी सिरप दिलं होतं, सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ चुकवायची नाही. औषध लागू पडलं. फिट्स थांबल्या. पण पोर दिवसभर पेंगायची, अंगणवाडीत चालताना धडपडायची, बोलायला लागली तर शब्द ओढत बोलायची. नम्रता मोबाइलवर त्या औषधाचे दुष्परिणाम वाचत बसे. एक वाचलं की दुसरं, दुसरं वाचलं की तिसरं. डॉक्टरांना विचारायचं सोडून ती मोबाइलला विचारत होती.

अशात, दर थंडीसारखा, यंदाही कर्णा बोलायला लागला. ती गेली ती गंमत बघायला. पण दुसऱ्या संध्याकाळी बुवांनी "कोणाचो काय प्रश्न?" म्हटलं, आणि तिच्या नकळत तिचे हात जोडले गेले. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्याने तिने विचारलं, "माझ्या मुलीचं कसं होईल?"

कर्णा क्षणभर नुसता फुसफुसला. मग तो बायकी आवाज आला, शांत, खात्रीचा. "नाही, नाही. आता काही त्रास नाही. अगदी स्वच्छ आहे. काळजी करू नका."

नम्रताने चारुताला घट्ट जवळ घेतलं.

"मगे?" बुवा हळूच तिच्याजवळ वाकले. "आईनच सांगल्यान, त्रास नाय. मगे ती बाटली कित्याक पाजतंस गो चेडवाक?"

तिला हेच ऐकायचं होतं. फसलेल्या माणसाला अडाणी म्हणून मोकळं होता येतं, पण नम्रता अडाणी नव्हती. तिला जे उत्तर हवं होतं ते मिळालं, म्हणून तिने ते देणाऱ्याची चौकशी केली नाही, एवढंच. घरी आल्यावर सिरपची बाटली तिने तांदळाच्या डब्यामागे सारली. गोव्यात नोकरीला असलेल्या सिद्धेशला, म्हणजे नवऱ्याला, फोनवर सांगितलं नाही; बुवांनी विचारलं तेव्हा त्यांना मात्र सांगितलं. गुडघेदुखीमुळे घुमटीपर्यंत न उतरणाऱ्या सासूबाई रोज विचारत, "औषध दिलंस गो?" ती रोज म्हणे, "होय."

आणि खरंच, दोन दिवसांत चारुता टवटवीत झाली. पळायला लागली. बघा, नम्रता स्वतःला सांगे. बघा. पण पोरीच्या पाठीवरचा हात काही निघेना.

त्या संध्याकाळी घुमटीवरून परतताना शेजारच्या सुगंधाकाकींनी तिला कोपराने ढोसलं. पन्नाशीच्या, हसऱ्या बाई. काजूच्या बागेत दिवसभर राबणाऱ्या.

"गो नम्रता, तुका बगून माका बरो धीर इलो हां."

"कसला धीर, काकी?"

"बुवा बोललो माका. म्हटलो, ती शिकलेली सून, तिना चेडवाचा औषध सोडल्यान. मगे म्हटलंय, तुमी शिकलेली माणसा सोडतास, तर माजी साखरेची गोळी ती काय मोठी लागान गेली! मी पण सोडलंय. हात लावूक नाय."

नम्रताची चप्पल रस्त्यात अडखळली. "काकी, तुमची साखर…"

"आईक काळजी." काकींनी आभाळाकडे हात जोडले आणि आपल्या वळणावर वळल्या.

काकी, गोळी घ्या. एवढे तीन शब्द. तेवढेही नम्रताच्या तोंडून बाहेर पडले नाहीत. ते म्हणायचं तर आपण काय केलं तेही म्हणावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुताने हट्ट धरला. "तारघराकडे झेंडे लागलेत, आई. बघूया."

गावाच्या वर जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे डोंगराचा सपाट माथा. त्याच्या टोकाला जुनं पडकं तारघर. युद्धाच्या काळात तिथे वायरलेसचं केंद्र होतं. बोटींना वादळाचा इशारा तिथून जाई, आणि पुढे काही वर्षं मच्छीमारांसाठी हवामानाची बातमीही. मग केंद्र बंद पडलं, भिंती उरल्या. दर वर्षी थंडीत बाहेरगावची काही मंडळी येऊन तिथे आठवडाभर तंबू ठोकतात, हे गावाला ठाऊक होतं. ती काय करतात, हे विचारायला कोणी सडा चढलं नव्हतं. 'रेडिओवाले' म्हणून गावाने त्यांचा विषय संपवला होता.

पडक्या भिंतीवर फलक होता, केंद्राच्या स्मरणाचा. उंच काठ्यांमधून तार ओढलेली. खाली टेबल, टेबलावर यंत्रं, आणि यंत्रांपुढे चष्मा लावलेली एक पन्नाशीची बाई एका हाताने उसळपाव खात दुसऱ्या हातातल्या माइकमध्ये बोलत होती.

"होय, होय, फाइव्ह नाइन. इथे वारा आहे, पण आता काही त्रास नाही."

चारुता ओरडली, "आई! ही कर्ण्यातली देवी!"

नम्रता जागच्या जागी उभी राहिली. देवीच्या हनुवटीला उसळ लागली होती.

"देवी?" बाई हसल्या. "अगं, मी संचिता. कोल्हापूरला कॉलेजात फिजिक्स शिकवते. ये, बस. खाऊ हवा?"

नम्रताने कसंबसं कर्ण्याचं सांगितलं. संचिता मॅडमचं हसू मावळलं. त्यांनी शेजारच्या माणसाला हाक मारली. "अनिश, त्या कर्ण्याच्या बुवांकडे अजून आपला आवाज जातोय!"

अनिश तिशीतला इंजिनिअर. त्याने कपाळावर हात मारला. "गेल्या वर्षी मी स्वतः त्यांच्याकडे माफी मागायला गेलो होतो, मॅडम. सगळं समजावलं. वायरीवर बसवायची, आपला आवाज अडवणारी कडी दिली, फुकट!"

मग दोघांनी मिळून नम्रताला समजावलं, आणि तिने पहिल्यांदाच नीट ऐकलं. ही मंडळी हौशी रेडिओवाली. सरकारी परवाना घेऊन ती आपापल्या यंत्रांवरून दूरदूरच्या दोस्तांशी बोलतात; 'फाइव्ह नाइन' म्हणजे आवाज स्पष्ट आणि जोरदार येतोय, एवढंच. जुन्या केंद्राची आठवण म्हणून इथून बोलायचं, शक्यतो जुन्याच पद्धतीने. बोलणं हवेतून तरंगांच्या रूपाने जातं. सड्याच्या पायथ्याशी, एवढ्या जवळ, ते जोरकस असतं. बुवांच्या माइकची लांबलचक वायर घुमटीभर लोंबते, ती आयती तार होते आणि तरंग झेलते. माइकचं बटण बंद असलं तरी मशीन चालूच असतं. वायरीतून आत शिरलेल्या तरंगाचा मशीनमध्ये पुन्हा आवाज होतो आणि कर्णा बोलतो.

"पण फक्त माझंच बोलणं," संचिता मॅडम म्हणाल्या. "समोरचा माणूस पन्नास-शंभर किलोमीटर लांब. त्याचा तरंग इथे पोचेपर्यंत एवढा बारीक होतो की कर्ण्याला कळतच नाही. कर्ण्यावर तुम्हाला अर्धंच संभाषण ऐकू येतं."

नम्रताने ते शब्द जसेच्या तसे म्हटले. "तीन दिवसांपूर्वी तुम्ही म्हणालात, आता काही त्रास नाही, अगदी स्वच्छ आहे, काळजी करू नका…"

"खारेपाटणच्या अप्पांना. जनरेटरमुळे आमच्या आवाजात खरखर मिसळत होती. तो बदलला." मॅडमनी तिच्याकडे निरखून बघितलं. "का? तुम्ही काय विचारलं होतं?"

"काही नाही," नम्रता म्हणाली.

घरी आल्या आल्या तिने कुडाळला फोन लावला. डॉक्टरांना मात्र खोटं सांगता येईना. ते म्हणाले, "आत्ता लगेच सुरू करा. नेहमीएवढंच, दुप्पट नको. उद्या सकाळी घेऊन या. मधल्या काळात फिट येऊ शकते. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, लांबली तर तडक दवाखाना गाठा. आणि औषधाने पेंगते हे मला का नाही सांगितलंत? त्यावर उपाय आहेत."

फोन ठेवून ती वळली तर दारात सासूबाई. सगळं ऐकलेल्या.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी रोज इचारी होतंय," त्या एवढंच म्हणाल्या. "आणि तू रोज होय म्हणी होतंस गो."

नम्रताने डब्यामागून बाटली काढली. चमच्यात औषध घाईने ओतताना अर्धं सांडलं. सासूबाईंनी तिच्या हातातून चमचा घेतला, पुसला, माप नीट भरलं आणि नातीला पाजलं.

दुपारी संचिता मॅडमना गाठून नम्रताने सुगंधाकाकींचंही सांगितलं. "आज संध्याकाळी तुम्ही कर्ण्यावरून सांगून टाका ना, की हे खोटं आहे. तुमचंच ऐकतील!"

"नाही. आमचा परवाना आपापसात बोलायचा आहे, जाहीर निवेदनाचा नाही. आणि देवी होऊन खरं सांगितलं तरी ते देवीनेच सांगितल्यासारखं होईल. मी रोजच्यासारखी अप्पांशी बोलेन. अनिश खाली रेडिओ घेऊन येईल. लोकांना उरलेलं अर्धं ऐकू दे."

संध्याकाळी घुमटीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाईही गुडघे धरत उतरल्या होत्या, चारुता त्यांच्या मांडीवर. गाऱ्हाणं झालं, व्हय म्हाराजा झालं, कर्णा खरखरला. आणि अनिशने पिशवीतला रेडिओ काढून पायरीवर ठेवला.

"कोण रे तू?" बुवा गुरकावले.

"मी ऐकायला आलोय, बुवा. गेल्या वर्षी भेटलो होतो आपण."

रेडिओतून एक म्हातारा, प्रेमळ आवाज आला. "संचिता, आवाज येता ना गो? जेवणाक आज काय होता?"

अनिशने रेडिओचा आवाज उतरवला. माडावरचा कर्णा बोलला. "येतोय, अप्पा. बांगड्याचं तिखलं! तीनदा वाढून घेतलं. तुमच्याकडे?"

कर्णा थांबला. अनिशने आवाज चढवला, रेडिओ बोलला. "आमच्याकडे पेज. डॉक्टरान मासे बंद केल्यान."

पुन्हा रेडिओ, पुन्हा कर्णा. प्रश्न खाली, उत्तर माडावर. मग कोणीतरी फिस्सकन हसलं.

"बुवानू, नऊ केळी कोणाक घातलास? आईक तर बांगडो व्हयो!"

हसण्याची लाट आली. पण बुवा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी दोन्ही हात वर केले. "हसा, हसा! यंत्र बोलता, पण यंत्रात बोलवता कोण? वाऱ्यात आई, लाटेत आई, तुमच्या त्या तरंगातय आईच! गुण नाय इलो काय लोकांका? ही नम्रता बघा! सायन्स शिकलेली. हिच्या चेडवाक गुण इलो का नाय? इचारा तिका. सांग गो बाय, सांग सगळ्यांका!"

सगळ्यांच्या माना वळल्या. सुगंधाकाकींचीही.

नम्रता उठली.

तेवढ्यात सासूबाई किंचाळल्या. चारुताचे डोळे वर गेले होते, अंग ताठ झालं होतं, मग हातपाय झटके द्यायला लागले.

"कोपली!" बुवा गरजले. "आई कोपली! बगा परीक्षा घेतल्याचो परिणाम!"

"कांदो हाडा! चप्पल हुंगवा तिका!" चारी बाजूंनी हात पुढे आले.

"हात लावू नका कोणी!" तो आवाज आपला आहे हे नम्रताला मागाहून कळलं. तिने पोरीला खाली निजवलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदराची घडी सारली. पोरीच्या तोंडातून फेस येत होता, आणि नम्रता तिच्याजवळ गुडघ्यांवर बसून, तिच्यावरची नजर न काढता, मोठ्याने बोलत होती.

"कोणी कोपलेलं नाही. ही फिट आहे. हिला औषध होतं, आणि त्याने फिट्स थांबल्या होत्या. ते औषध मी बंद केलं. बुवांनी सांगितलं, पण बाटली लपवली मी. घरी खोटं बोलले मी. हिला गुण आला नव्हता, औषधाची गुंगी उतरली होती, आणि मी त्यालाच गुण समजले. आज औषध पुन्हा दिलंय, पण ते अंगात भिनायला वेळ लागतो. तोवर हे असं होऊ शकतं, डॉक्टरांनी सांगितलंय." तिचा आवाज फाटला. "सुगंधाकाकी, तुम्ही माझ्याकडे बघून गोळी सोडलीत. काल तुम्ही मला सांगितलंत आणि मी गप्प बसले. तुमच्या पाया पडते, ती गोळी घ्या."

झटके हळूहळू विरले. चारुताने एक लांब श्वास सोडला आणि ती गाढ झोपी गेल्यासारखी शांत झाली.

सुगंधाकाकी पुढे आल्या. नम्रताकडे नाही, बुवांकडे. "सत्यवाना," त्या म्हणाल्या, आणि बुवांना गावात चार वर्षांत कोणी त्या नावाने हाक मारली नव्हती, "ह्या पोरग्यान गेल्या वर्षी तुका सांगल्यान होता? तुका म्हाईत होता?"

बुवा देवीकडे बघायला लागले.

अनिशने खिशातून काळी कडी काढली. लाल फडकं सोडलं, माइकची वायर मशीनजवळ त्या कडीत वेढे देऊन बसवली. कर्णा मधल्या मधेच मुका झाला. त्याने रेडिओचा आवाज चढवला, तर त्यातून संचिता मॅडम अप्पांना पेजेबरोबर काय खावं ते सांगतच होत्या.

"एवढंच," अनिश म्हणाला. "हीच कडी मी यांना दिली होती. बसवली असती तर देवी त्याच दिवशी गप्प झाली असती."

त्या रात्री बुवांना कोणी मारलं नाही की गावाबाहेर काढलं नाही. लोक नुसते उठून गेले. नारळ मात्र ज्याचे त्याने परत नेले.

सकाळी कुडाळच्या दवाखान्यात नम्रता चारुताला घेऊन बसली होती. शेजारी सुगंधाकाकी, रक्त तपासायला आलेल्या. साखर भलतीच वाढलेली निघाली. पायाला एक जखम होती, ती चिघळायला लागलेली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. नम्रताला तो 'वेळेत' शब्द जिव्हारी लागला. आणखी थोडा उशीर झाला असता तर?

"काकी, मला माफ…"

"तुका माफ करूचा का नाय, ता मी मगे बघीन," काकी म्हणाल्या. "आधी ह्या सांग, आणखी कोणी कोणी तुका बगून औषध सोडल्यान आसा? मी दोन घरा सांगतंय. बाकीची तू शोध."

दुपारपासून दोघी घरोघर फिरल्या. प्रत्येक उंबऱ्यावर नम्रताला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, मी चुकले. दरवेळी ते तेवढंच जड गेलं. कोणी पाणी दिलं, कोणी टोमणा दिला. औषधाच्या बाटल्या मात्र कोनाड्यांतून, शिंक्यांवरून, कपाटांमागून बाहेर आल्या.

वाचणाऱ्या बाई, वाचणाऱ्या दादा, बुवाकडे नुसता एक कर्णा होता. त्या कर्ण्याला जीभ दिली ती आपल्या गरजेने, आणि साक्ष दिली ती आपल्या शिक्षणाने. शिकलेल्या माणसाने डोळे मिटले की त्याच्यामागे उभ्या असलेल्यांचेही मिटतात. तेव्हा कुठूनही तुमच्या मनासारखं उत्तर आलं, मग ते माडावरून येवो, मोबाइलमधून येवो की देव्हाऱ्यातून, हात जोडण्याआधी एवढं विचारा: हे उत्तर खरंच माझ्या प्रश्नाचं आहे का? की दुसऱ्याच कोणाच्या बोलण्याचं अर्धं माझ्या कानावर पडलंय? उरलेलं अर्धं शोधा. ते बहुतेक वेळा फार लांब नसतं. थोडा सडा चढावा लागतो, इतकंच.